भट्टीची तीन बटणे

नानकटाई, पाव, केक भाजायला आता पुष्कळ घरांत विजेची लहान भट्टी आली आहे. दुकानात तिला ओटीजी म्हणतात. आपण भट्टीच म्हणू. बचत गटाच्या बायका तिच्यावर चार पैसेही मिळवतात. ऐन दिवाळीत ती रुसली की घरात धांदल उडते आणि लगेच कारागिराला बोलावणे जाते. पण पुष्कळदा भट्टी बिघडलेली नसतेच. एखादे बटण भलत्या जागी असते, एवढेच.

अशा भट्टीला बहुधा तीन बटणे असतात. तिन्ही फिरवायची. एक उष्णतेचे, एक वेळेचे आणि एक सळ्यांचे. त्यांच्यावरचे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. ते वाचता आले की निम्मे काम झाले.

भट्टी मुळीच तापत नाही? आधी घरात वीज आहे का ते पाहा. मग वेळेचे बटण पाहा. ते शून्यावर असले तर बाकीची बटणे कितीही फिरवा, सळ्यांना वीज मिळतच नाही. आमच्या वर्गातल्या एका बाईंची भट्टी अशीच 'बंद' पडली. कारागीर आला, त्याने हे बटण फिरवले आणि दोनशे रुपये घेऊन गेला. काम दोन मिनिटांचे! बाईंनी तेव्हापासून कोणते बटण कशाचे ते वहीत लिहून ठेवले आहे.

बहुतेक भट्ट्यांत या बटणामागे किल्लीच्या घड्याळासारखी कमान असते. पाच मिनिटेच हवी असतील तर बटण आधी वीसच्या पुढे न्यावे आणि मग मागे आणावे, नाहीतर कमान पुरती ताणली जात नाही. ही कमान विजेवर चालत नाही. म्हणून मध्येच वीज गेली तरी काटा सरकतच राहतो. घंटा वाजते आणि नानकटाई कच्ची! वीज किती वेळ नव्हती ते पाहून तेवढा वेळ वाढवावा.

आता उष्णतेचे बटण. त्याच्यामागे दोन धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तुटते. भट्टी थोडी निवली की पट्टी सरळ होते, वीज पुन्हा जुळते. म्हणून भाजताना सळ्यांची लाली जाते, परत येते. काही भट्ट्यांत तांबडा दिवाही तसाच विझतो, लागतो. घाबरू नका, तो बिघाड नव्हे. आणि लवकर तापावी म्हणून १८० च्या जागी २५० करू नका. तापायचा वेग तोच राहतो, जिन्नस मात्र करपतो.

पण लाली कधीच जात नसेल आणि सगळेच करपत असेल, तर वीज तोडणारे टोक चिकटले असावे. हा खरा बिघाड. भट्टी बंद करा, प्लग काढा आणि कारागिराला बोलवा.

आकडा खरा की खोटा ते साखरेने कळते. चमचाभर साखर ताटलीत घालून, भट्टी आधी चांगली तापवून, १७५ वर पाव तास ठेवा. साखर वितळता कामा नये. मग १९० वर पाव तास ठेवा. आता वितळली पाहिजे. तसे झाले नाही तर आकडा थोडा मागेपुढे धरून चालावे. कधी बटणच दांडीवर सैल होऊन घसरते. ते मागे फिरवत अडेपर्यंत न्या. खूण 'बंद' च्या जागी येत नसेल तर बटण बदला. ते तुटलेच तर चालू भट्टीची दांडी पकडीने फिरवू नका.

सळ्यांच्या बटणावर बारीक चित्रे असतात. वर रेघ म्हणजे वरची सळी, खाली रेघ म्हणजे खालची. दोन्ही रेघांवर बटण ठेवूनही एक सळी लाल होत नसेल तर ती बहुधा जळली.

खेड्यात संध्याकाळी विजेचा दाब उतरतो. २३० व्होल्टऐवजी १८० आले तर उष्णता जेमतेम तीन-पंचमांश मिळते. तिथे बटणाचा काय दोष? भाजणे दुपारी उरकावे हे बरे.

भट्टीला हात लागून झिणझिण्या आल्या तर मात्र बटणे तपासत बसू नका. तिला न शिवता भिंतीवरची कळ बंद करा, मग प्लग काढा. प्लगचा तिसरा जाड पाय अर्थिंगचा असतो. तो कापून प्लग दोन भोकांत बसवणारे शहाणे आहेत, त्यांचे ऐकू नका. १५०० वॅटची भट्टी साडेसहा अँपिअर वीज ओढते. तिला १६ अँपिअरचे मोठे सॉकेट लागते, ६ अँपिअरचे लहान सॉकेट तापून वितळते.

भट्टीच्या पाठीवर एक पट्टी असते. तिच्यावर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. ते दोन आकडे उद्या वहीत उतरवून आणा.