दीक्षेआधी मुंडगोडला जाऊन ये

धारवाड

चि. बाळास,


येशूसंघात, म्हणजे जेज्वीटांत, जायचं तुझ्या मनात आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं म्हणून निर्णय बदलू नकोस. पण ज्या घरात जायचं, तिथली माणसं कशी जगली ते आधी नीट पाहून घे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट १५७९ साली गोव्यात उतरले. तिथल्या साष्टीत राहून ते कोंकणी शिकले, मराठी शिकले. १६१६ साली राशोलला त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत! ख्रिस्ताची कथा इथल्या माणसाला त्याच्याच छंदात ऐकवायची, यासाठी एका परदेशी माणसाने उभं आयुष्य वेचलं.

त्याच साष्टीत १५६७ साली देवळं पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच येशूसंघीय मारले गेले आणि मग पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना ठार केलं. संघाचं नाव लावणार असशील, तर हेही तुझ्याच घराचं आहे. कुणी विचारलं तर टाळू नकोस.

आपल्या काळातलं उदाहरण हवं, तर फादर हर्मन बाखर यांचं घे. हे स्विस जेज्वीट नगर जिल्ह्यात आले. तिथल्या दुष्काळात धान्य वाटणं आवश्यकच होतं, पण पावसाचं पाणी वाहून जात राहील तोवर पुढल्या वर्षी पुन्हा वाटणं आलंच. म्हणून त्यांनी पाणलोटाचं काम हाती घेतलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरत यायचं: वर समतल चर आणि झाडं, मग बांधबंदिस्ती, सर्वांत खाली नाल्यावर बंधारा. आधी बंधारा बांधला तर तो थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरतो. आणि गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी मान्य केल्याशिवाय काम सुरू होत नसे. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत चराईबंदीचा प्रश्न मेंढपाळांच्या पोटाशी येऊन भिडला. तो सोडवायला फावडं पुरत नाही, लोकांच्या ओट्यावर बसावं लागतं. १९९३ साली बाखर यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था काढली. धर्मगुरूने पाण्यासाठी झटावं हे मला संघाच्या कामातलं सर्वांत थोर वाटतं.

नोव्हिशिएटची, म्हणजे संघातल्या उमेदवारीची, दोन वर्षं कठीण असतात. तीस दिवसांची मौनसाधना, रुग्णसेवा, खिशात पैसा न ठेवता केलेली यात्रा. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची व्रतं. धर्मगुरू होईपर्यंत दहाहून अधिक वर्षं जातात. घाई असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

तुला लांब जायची गरज नाही. हुबळीहून बसने मुंडगोडला जाता येतं. तिथे जेज्वीटांचं लोयोला विकास केंद्र सिद्दी, लमाणी आणि गवळी समाजात काम करतं. गवळ्यांची पोरं घरी मराठीच्या वळणाची बोली बोलतात आणि शाळेत कन्नड शिकतात. तुला दोन्ही भाषा येतात. हे भांडवल तुझ्याजवळ आहे, ते इतरांना कष्टाने मिळवावं लागतं. तिथे मदतनीस म्हणून राहायची परवानगी माग. प्रवचन देऊ नकोस, पोरांचा अभ्यास घे, मोठ्यांचं ऐक.

संघात जायचा अर्ज त्यानंतर भर. आणि तिथून मला पत्र लिही.

तुझा,
मामा