समुद्राकडे निघालेल्या भाचीस

छत्रपती संभाजीनगर,
10 जानेवारी 2026

चि. सायलीस,


कासवांच्या हंगामात स्वयंसेवक म्हणून कोकणातल्या वेळासला जायचं तू ठरवलंस, हे दादाकडून कळलं. ‘मराठवाड्यातल्या पोरीला समुद्राशी काय करायचंय?’ असं त्याला कुणीतरी विचारलं आणि त्याला पटकन उत्तर सुचलं नाही म्हणे. उत्तर आहे, आणि ते घेऊनच तू निघावंस असं मला वाटतं.

2021 साली ओडिशातल्या गहिरमाथ्याला ऑलिव्ह रिडले कासवाच्या एका मादीला ओळखपट्टी लावली होती. तीच मादी जानेवारी 2025 मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्वेचा समुद्र आणि कोकणचा समुद्र तिला वेगळे नाहीत. आता आपल्याकडे बघ. आपल्या शहरात पाणचक्कीजवळून वाहणारी खाम नदी पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाशी, कोरिंगा अभयारण्याच्या किनाऱ्यावर, हीच कासवं अंडी घालतात. आपण नाल्यात टाकलेली पिशवी कदाचित जायकवाडी धरणाच्या भिंतीशी अडेल. पण पुरात दरवाजे उघडले की पाण्याबरोबर काय काय खाली जातं, ते पैठणला जाऊन बघता येतं. तेव्हा आपला समुद्राशी संबंध आहे आणि आपल्यावर त्याची जबाबदारीही आहे.

वेळासला पोचल्यावर एक गोष्ट मनात पक्की ठेव. ते काम तिथल्या लोकांचं आहे, तू मदतीला गेली आहेस. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते. तेव्हा वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची कवचं दिसली. अंडी उकरून खाणं किंवा विकणं त्या काळी फारसं कुणाला गैर वाटत नसे. कायद्याचं संरक्षण होतं, पण रात्रीच्या किनाऱ्यावर पहारा नव्हता. संस्थेने धाक न घालता गावाशी बोलणं सुरू केलं आणि गावातलीच माणसं राखणीला उभी केली. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, राहण्याजेवण्याचा पैसा गावातच राहू लागला. पुढे वनविभाग आणि कांदळवन कक्षही या कामात आले आणि कोकणात गावोगावी कासवमित्र तयार झाले. कासव जगलं तर गावालाही चार पैसे मिळतात, हे लोकांनी स्वतः अनुभवलं, म्हणून हे काम टिकलं. तुझं पुस्तकी ज्ञान त्यांच्यापेक्षा जास्त असेलही, पण वाळू त्यांना वाचता येते. पहिले काही दिवस फक्त त्यांच्या मागे चाल आणि बघ.

मादी रात्री येते, साधारण दीड फूट खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबते आणि निघून जाते. पहाटे कासवमित्र तिच्या पावलांचा माग काढतो आणि अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात नेऊन ठेवतो. यात उशीर चालत नाही. काही तासांतच आतला जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो मरू शकतो. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूची ऊब ठरवते: गार वाळूत नर जास्त, तापलेल्या वाळूत माद्या. म्हणून सांगितल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस. मोजणी, नोंदी, दोरी धरून उभं राहणं, किनाऱ्यावरचा कचरा उचलणं, जे काम सांगतील ते मन लावून कर.

तुझ्या वाट्याला येणारं मुख्य काम म्हणजे पाहुण्यांशी बोलणं. पिल्लं निघाली का ते बघायला हॅचरीतल्या खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या सकाळ-संध्याकाळ उचलतात. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही आणि रात्रभर प्रवास करून आलेली माणसं हिरमुसतात. अशा वेळी बोलायला खरी संधी असते. त्यांना मादीच्या पावलांचा माग दाखव, वाळूच्या उबेची गोष्ट सांग. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, म्हणून जाळ्यात पाण्याखाली अडकलं की बुडून मरतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पिल्लू उजेडाच्या दिशेने धावतं, म्हणून बॅटरी आणि फ्लॅश नको, असं कारण देऊन सांगितलंस तर लोक ऐकतात. नुसतं ‘फोटो काढू नका’ म्हणून ओरडलीस तर ऐकणार नाहीत.

सांगशील ते नेमकं सांग. हजारात एक पिल्लू मोठं होतं असं सगळेच सांगतात. तो अंदाज आहे, मोजून काढलेला आकडा नव्हे; अंदाज म्हणूनच सांग. माहीत नसेल तिथे ‘विचारून सांगते’ म्हण आणि खरंच विचारून सांग. एक खोटा आकडा पकडला गेला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मच्छीमारांना दोष देऊ नकोस. त्यांचं पोट समुद्रावर आहे आणि जाळं फाटलं तर नुकसान त्यांचंच होतं. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकार 2018 पासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही माहिती ज्याला नसेल त्याच्यापर्यंत पोचवलीस तर ती दहा भाषणांपेक्षा कामाची ठरेल. गुजरातचं उदाहरण ध्यानात ठेव. तिथे व्हेल शार्कची सर्रास शिकार होत असे. 2004 साली कथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे. शिकार करणारेच हात पुढे जाळी कापून तिला सोडू लागले. तिथे लोकांना कुणी लाजवलं नाही, त्यांच्या मनात आधीच असलेल्या मायेला हाक घातली.

किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं तर कळवळून त्याला पाण्यात ढकलू नकोस. अशक्त कासव पाण्यात बुडू शकतं. त्याला सावली कर, गर्दी लांब ठेव आणि कासवमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळव.

परत आल्यावर इथेही काम आहे. खाम पुनरुज्जीवनाचं काम 2021 पासून महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि नागरिक मिळून करत आहेत. त्यांच्याबरोबर जा. शहरातल्या शाळांत वेळासची गोष्ट सांग, पण ती खामच्या काठावर आणून संपव. इथल्या मुलाला समुद्र दिसत नाही. पिशवी टाकायचा नाला मात्र रोज दिसतो. त्या नाल्याचं पाणी कुठपर्यंत जातं, हे त्याला कळलं की बाकीचं तो स्वतः जोडेल.

एका हंगामाने कासवं वाचत नाहीत. वेळासचं यश वर्षानुवर्षं पहाटे उठणाऱ्या माणसांचं आहे. म्हणून उत्साहाने जा, पण तेवढ्यावर थांबू नकोस. या कामातला एखादा लहानसा भाग निवड आणि तो दरवर्षी, न चुकता कर. मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे.

तुझी,
आत्या