छोट्या गाडीचे सस्पेन्शन : बदल कुठून सुरू करावा

छोट्या मोटारीच्या सस्पेन्शनला दोन कामे असतात. चाक रस्त्याला टेकलेले ठेवायचे आणि रस्त्याचा हादरा आत बसलेल्यांपर्यंत पोचू द्यायचा नाही. गाडी वळणावर हुकमी वागते की नाही, हे पहिल्या कामावर ठरते. सस्पेन्शन ‘कडक’ करून घेणाऱ्या बहुतेकांना आपण चाकाची पकड वाढवतो आहोत असे वाटते; प्रत्यक्षात त्यांनी गाडीचे झुकणे तेवढे कमी केलेले असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरसारख्या ठिकाणी तर फारच वेगळ्या.

जामनेर तालुक्याचा बराच भाग काळ्या कपाशीच्या जमिनीचा आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता काही पावसाळ्यांत उंचसखल होतो. कापसाने भरलेल्या ट्रॉल्यांनी पडलेल्या चाकोऱ्या आणि शेताच्या पाइपलाइनसाठी रस्ता फोडून अर्धवट बुजवलेले चर यांची त्यात भर पडते. दुसरीकडे पहूर, फर्दापूर ओलांडले की अजिंठ्याचा घाट लागतो. चाळीसगावकडून जाणाऱ्याला कन्नडचा घाट आहे. एकाच गाडीला एकाच दिवशी खडबडीत सरळ रस्ता आणि वळणावळणाचा उतार, दोन्ही पार करावे लागतात. गुळगुळीत ट्रॅक समोर ठेवून बनवलेला सुटा भाग इथे निम्म्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात जनरल मोटर्सच्या शेव्हरले कॅडेट या छोट्या गाडीसाठी ही पुढची रचना आखली. ती गाडी बाजारात आलीच नाही, पण मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि रचना जगभर पसरली. स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीत शॉकप, एकाच खांबात असल्यामुळे ती स्वस्त पडते आणि इंजिनाला जागा सोडते. मात्र हाच खांब चाकाचा कोनही धरून ठेवतो. त्याची उंची बदलली की कोन बदलतो. मागचे टॉर्शन बीम दोन्ही चाकांना जोडणारी पिळली जाणारी तुळई असते, म्हणून मागच्या बाजूला झुकाव रोखणारा दांडा काही प्रमाणात मुळातच असतो.

वळणावर नेमके काय होते, हे कोणताही भाग विकत घेण्याआधी समजून घ्यावे. माणसांसह १,००० किलोची गाडी धरू. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १५० सेंटिमीटर. वळणावर तिच्यावर गुरुत्वाच्या चार-दशांश इतका आडवा रेटा आला, तर आतल्या चाकांवरचा सुमारे १४७ किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा आकडा वजन, उंची, रुंदी आणि रेटा यांवर ठरतो. स्प्रिंग कितीही कडक केली तरी तो जवळजवळ तेवढाच राहतो. कडक स्प्रिंगमुळे दोनच गोष्टी बदलतात : गाडी किती झुकते, आणि त्या १४७ किलोंपैकी पुढच्या चाकांचा वाटा किती, मागच्यांचा किती. ज्या बाजूला कडकपणा जास्त, तिच्या वाट्याला जास्त भार येतो आणि तिची पकड आधी संपते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची बाजू आणखी कडक केली, तर गाडी झुकत नाही म्हणून चालक खूश होतो, पण ती वळणाबाहेर जास्त सरकू लागते.

म्हणून सुरुवात नव्या भागांपासून न करता झिजलेल्या भागांपासून करावी. खान्देशात काही वर्षे चाललेल्या गाडीत लोअर आर्मचे रबरी बूश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि शॉकपच्या वरचे माउंटिंग यांपैकी काहीतरी गेलेले असतेच. बूश फाटला की ब्रेक दाबताना चाक मागेपुढे हलते, स्टिअरिंग सरळ धरले तरी गाडी भरकटते. माउंटिंगचे बेअरिंग कोरडे पडले की वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपण होऊन पुरते परत येत नाही. या खुणा असताना कोणी भारी स्प्रिंग सुचवली तर ती घेऊ नये, कारण ढिल्या सांध्यांवर वाढीव कडकपणाचा ताण आला की उरलेले रबरही लवकर जाते.

शॉकपची परीक्षा म्हणून गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकप गेला. मात्र ही परीक्षा फक्त पूर्ण गेलेला शॉकप पकडते. निम्मा गेलेला तिच्यातून सुटतो. दांड्याखाली तेलाचा ओघळ, टायरच्या पृष्ठावर ठरावीक अंतराने पडलेले खळगे, वळणात खड्डा लागताच मागची बाजू आडवी उडी मारणे, या खुणा जास्त भरवशाच्या. त्याच जोडीने टायरमधली हवा पाहावी, तीही सकाळी गाडी चालवण्याआधी. तापमान साडेपाच अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने चढतो. एप्रिल-मेच्या जळगावी उन्हात दुपारी मोजून ‘बरोबर’ केलेली हवा पहाटे कमीच भरते.

टायर हा सस्पेन्शनचाच भाग आहे, आणि पैसे खर्च करायचे असतील तर सर्वाधिक परतावा इथे मिळतो. सुरक्षित वाट अशी की, त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेला टायर निवडावा. मारुती स्विफ्टच्या २०१८ च्या मॉडेलमध्ये खालच्या प्रकारांना १६५/८० आर१४ आणि वरच्यांना १८५/६५ आर१५ टायर होते. दोन्हींचा बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरचे गणित बिघडत नाही, आणि टायर २० मिलिमीटरने जास्त रुंद मिळतो. दिसायला छान म्हणून १९५/५५ आर१६ बसवला तर व्यास तोच राहतो, पण टायरची भिंत १३२ वरून १०७ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा कडक काठ रिमपर्यंत पोचायला तेवढा फरक पुरतो. या भागात अलॉय रिम वाकण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

यानंतर शॉकप. गाडीचे वागणे खऱ्या अर्थाने सुधारते ते इथेच, आणि तरीही हा भाग सर्वांत कमी विकला जातो, कारण बसवल्यावर बाहेरून काही दिसत नाही. स्प्रिंग हादरा साठवते. ती साठवलेली शक्ती उष्णतेत बदलून संपवण्याचे काम शॉकपमधले तेल करते. खराब रस्त्यावर तासभर वेगाने गेल्यावर तेल तापते, पातळ होते, त्यात फेस येतो आणि गाडी पोहू लागते. बाहेरचे ऊन ४५ अंशांचे असेल तर ते आणखी लवकर होते. नायट्रोजनचा दाब दिलेले गॅस शॉकप फेस धरू देत नाहीत, म्हणून मूळच्या स्प्रिंगांवर मूळच्याच लांबीचे चांगले गॅस शॉकप हा इथला पहिला खरा बदल. गाडीसाठी कारखान्यात जे शॉकप बसवले जातात ते बनवणाऱ्या कंपन्या सुट्या बाजारातही माल देतात. १९६१ साली मुलुंडला सुरू झालेली गॅब्रिएल त्यांपैकी एक. पक्के बिल, खोक्यावरचा भाग-क्रमांक आणि मॉडेलचे वर्ष जुळवूनच माल घ्यावा. शॉकप जोडीनेच बदलावेत. डावा नवा आणि उजवा जुना ठेवला तर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते.

स्प्रिंगांविषयी सर्वांत जास्त सांगणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. प्रस्तुत लेखकाच्या वापरातील हॅचबॅकवर गाडी ३० मिलिमीटरने खाली आणणाऱ्या कडक स्प्रिंगा काही काळ होत्या, शॉकप मूळचेच. गावातल्या गावात एकट्याने चालवताना फरक सुखाचा वाटे : स्टिअरिंग फिरवताच नाक वळे, झुकणे जवळजवळ नाही. चार माणसे आणि डिकीत सामान घेऊन पहूरच्या रस्त्याला लागल्यावर मागची बाजू रबरी बंप स्टॉपवर बसू लागली. बंप स्टॉपला टेकताच कडकपणा एका क्षणात कित्येक पटींनी वाढतो, म्हणजे तेवढ्यापुरते सस्पेन्शन उरतच नाही. सरळ रस्त्यावर याचा अर्थ कंबरेला दणका एवढाच. अजिंठ्याच्या घाटात उतारावर, वळणाच्या मध्यावर उंचवटा आला तेव्हा मागचे चाक रस्ता सोडून बाजूला सरकले. रिकाम्या गाडीत जी पकड वाढल्यासारखी वाटे, ती भरल्या गाडीत कमी झालेली होती. मूळच्या स्प्रिंगा आणि नवे गॅस शॉकप घातल्यावर तोच घाट, तेवढ्याच ओझ्याने, गाडीने न डगमगता उतरला. झुकली जास्त, सरकली नाही.

यामागची कारणे मोजता येतात. स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केली की गाडीच्या उसळीची गती सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, आणि जुन्या स्प्रिंगसाठी जुळवलेला शॉकप तिला आवरण्यात कमी पडतो. गाडी खाली आली की मॅकफर्सन रचनेतला लोअर आर्म चाकाकडे वर चढता होतो. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो, दोघांतले अंतर वाढते आणि झुकवणारा जोर उलट वाढतो. चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलून टायरची आतली कड झिजते ती वेगळीच. उंचीचा हिशेब तर साधा आहे. २०१८ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. त्यातले ३० वजा केले की उरतात १३३, आणि माणसे बसल्यावर आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गावोगावचे अनेक गतिरोधक याहून अरुंद आणि उभट असतात.

पैसे वाचवण्यासाठी स्प्रिंगचा वेढा कापून देणारेही भेटतात. सहा कार्यरत वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक आणि आखूड होते, तिचे टोक बसण्याच्या वाटीत, म्हणजे कपात, नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. हे कोणत्याही कारणासाठी करू नये.

याच्या उलट, गाडी वर उचलण्यासाठी वेढ्यांच्या मध्ये घालायचे रबरी बफर बाजारात सहज मिळतात आणि खराब रस्त्यावरचा उपाय म्हणून खपतात. बफर जिथे अडकवला तिथले वेढे काम करणे थांबवतात आणि बाकीच्यांवर जास्त ताण येतो. तारेवरचा रंग घासून निघाला की पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. गाडीची उंची वाढल्याने गुरुत्वमध्य वर जातो, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो. मागच्या स्प्रिंगा खरोखर बसल्या असतील तर त्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा घालणे हाच सरळ मार्ग.

अँटी-रोल बार, म्हणजे झुकाव रोखणारा दांडा, जाड करायचा असेल तर बेताने. भरीव दांड्याचा पिळातला कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणून २० ऐवजी २२ मिलिमीटरचा बार तब्बल ४६ टक्के जास्त कडक असतो. तो एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोचवतो, त्यामुळे एकाच बाजूच्या खड्ड्यांतून जाताना सगळी गाडी डोलते. बॉनेटखाली दोन स्ट्रटना जोडणाऱ्या आडव्या पट्टीचा रोजच्या वापरात फारसा फरक पडत नाही.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन कडकपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीही, अशी तरतूद आहे. मूळच्या मापाचे शॉकप, बूश किंवा स्प्रिंग बदलणे ही दुरुस्ती आहे. गाडीची उंची बदलणारे काम मात्र, नोंदणी एमएच-१९ (जळगाव) असो वा एमएच-१८ (धुळे), तपासणीत अडचणीत आणू शकते, आणि अपघातानंतर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते.

भाग चांगला असूनही बसवणी चुकली तर पैसा वाया जातो. लोअर आर्मच्या बूशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळू नयेत. तसे केले की रबर त्याच लटकत्या कोनात धरले जाते आणि गाडी खाली टेकल्यावर कायम पिळलेले राहून फाटते. बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उभी करावी, मग आवळावेत. काम संपल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे, आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर, रबर आणि स्प्रिंगा आपापल्या जागी बसल्या की, पुन्हा एकदा. काम सुरू होण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे आणि नंतर त्याच सपाट जागी पुन्हा मोजावे. डाव्या-उजव्या बाजूंत आधी नसलेला फरक दिसला तर बहुधा स्प्रिंगचे टोक कपात बसलेले नसते किंवा वरचे माउंटिंग तिरके लागलेले असते. गाडी गॅरेजमधून हलवण्याआधीच ते उघडून पाहायला सांगावे.