पारव्यांच्या पोटातील कृमी आणि आपले आरोग्य

शहरात आपण ज्यास सर्रास कबूतर म्हणतो, तो पारवा मूळचा कडेकपारीत राहणारा पक्षी. उंच इमारतींचे छज्जे त्याला कड्यांसारखेच सोयीचे ठरले आणि माणसाने टाकलेल्या दाण्यांमुळे अन्नाची विवंचनाही मिटली. दाणे टाकण्यामागे भूतदया असते, हे निर्विवाद. परंतु तिचे परिणाम समजून घेणे अगत्याचे आहे.

पारव्याच्या आतड्यात गोलकृमी, केसासारखे बारीक कृमी, पट्टकृमी आणि कॉक्सिडिया हे एकपेशीय जीव आढळतात. गोलकृमीची अंडी विष्ठेवाटे जमिनीवर पडतात व उबदार, दमट हवेत सुमारे दोन ते तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात. त्याच जागी दाणे टिपताना दुसरा पारवा ती गिळतो. थवा जितका दाट, तितके हे चक्र वेगवान. कृमींची संख्या वाढली की पक्षी खंगतो, पिले दगावतातही. म्हणजेच एका जागी शेकडो पक्ष्यांना दाणा घालताना नकळत रोगाचाही प्रसार होत असतो.

हे कृमी माणसाला होतात काय? पारव्यातील गोलकृमी व कॉक्सिडिया पक्ष्यांपुरतेच मर्यादित असून मानवी आतड्यात ते वाढत नाहीत. माणसाला खरा धोका आहे तो वाळलेल्या विष्ठेच्या धुळीचा. तिच्यात क्रिप्टोकॉकस ही बुरशी व सिटॅकोसिस रोगाचे जंतू असू शकतात. शिवाय पिसे व विष्ठा यांतील प्रथिने वारंवार श्वासावाटे शरीरात गेल्यास काही व्यक्तींना अतिसंवेदनशीलताजन्य फुप्फुसदाह होतो. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसांची हानी कायमची ठरते. दमेकरी, वृद्ध व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांनी विशेष जपावे. याच कारणास्तव जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश महानगरपालिकेस दिले.

घरोघरी पुढील दक्षता घेता येईल :

१. वाळलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नये. प्रथम पाणी शिंपडून ती भिजवावी व मगच काढावी.

२. सफाई करताना नाका-तोंडावर चांगला मास्क व हातांत मोजे घालावेत. नंतर हात साबणाने धुवावेत.

३. सज्जा व खिडक्यांना जाळी बसवावी. पाण्याच्या टाक्या झाकून ठेवाव्यात.

४. कोरडा खोकला वा धाप बरी होत नसल्यास डॉक्टरांना दाखवावे व घराभोवती पारव्यांचा वावर असल्याचे आवर्जून सांगावे.

पारवा आपला शत्रू नव्हे. त्याची अनैसर्गिक दाटी कमी झाली, तर त्याचेही आरोग्य सुधारेल आणि आपलेही.