शंकूसारखे पारपटल आणि डोळ्यातील भिंग

माझ्या वर्गातील एक मुलगा फळ्यावरील अक्षरे चुकीची उतरवून घेई. दोन वर्षांत त्याचा चष्मा तीनदा बदलला. अभ्यासात लक्ष नाही असे समजून मी त्याला पुष्कळदा रागावलो. पुढे इंदुरास तपासणी झाली, तेव्हा दोष डोळ्याचा निघाला. त्या चुकीची भरपाई म्हणून हा लहानसा पाठ.

डोळ्याच्या अगदी पुढे, घड्याळावरील काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्यास पारपटल म्हणतात. काही जणांत ऐन वाढत्या वयात तो पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. हा विकार म्हणजे केरॅटोकोनस. यात अक्षरांना सावली पडते, दिव्यांना शेपट्या फुटलेल्या दिसतात. डोळे चोळण्याची सवय या विकारास पोषक ठरते. आपल्या धार-देवासकडे उन्हाळ्यात धूळ उडते आणि मुले खाजणारे डोळे मुठींनी चोळतात. तिकडे घरच्यांनी लक्ष द्यावे.

डोळ्यात भिंग बसवितात हे ऐकून पालक आधी तेच मागतात. मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग हॅरल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये बसविले. केरॅटोकोनसच्या तरुण रोग्यात मात्र नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्याच्या पुढे, परितारिकेच्या मागे, दुसरे पातळ भिंग बसवितात. त्याने लघुदृष्टीचा मोठा नंबर व सिलिंडरचा नंबर बराच उतरतो. परंतु पारपटलाचा वेडावाकडा आकार सुधारत नाही, की विकारही थांबत नाही. भिंत खचत असता नवे दार बसविले, तर ते उद्या चौकटीत लागेल काय?

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम यंत्राने पारपटलाचा नकाशा काढून, विकार वाढतो आहे का ते पाहावे. वाढत असल्यास रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरणांनी पारपटल बळकट करतात. नंबर स्थिर झाल्यावरच, डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे, बाहेरून लावण्याचे कडक भिंग किंवा आतील भिंग. आतील भिंगानंतरही नियमित तपासणी चुकवू नये. विकार फारच वाढल्यास पारपटलाचे रोपण करतात, इंदुरात डॉ. धंडा यांनी १९६० सालीच ते यशस्वीपणे केले होते.

ज्या मुलाचा नंबर वारंवार बदलतो, त्याला रागावण्यापूर्वी त्याचे पारपटल तपासून घ्यावे, एवढेच सांगणे.