लिंकमधून काय परत येतं, ते आधी पाहा

प्रॉक्सी ॲपमध्ये सबस्क्रिप्शन लिंक पेस्ट केली आणि इम्पोर्ट झालं नाही, की पहिला राग ॲपवर निघतो. विश्रांतवाडीहून येरवडा-खराडीला कामाला जाणाऱ्याचा फोन दिवसभरात घरचं वाय-फाय, मोबाइल डेटा आणि ऑफिसचं नेटवर्क असा फिरतो, म्हणून दुसरा संशय नेटवर जातो. माझं मत वेगळं आहे. ॲप त्या पत्त्यावरून फक्त मजकूर उतरवतं आणि त्यातून सर्व्हरच्या ओळी वेगळ्या काढतं. म्हणून आधी तो मजकूर पाहावा. प्रॉक्सी बंद करून लिंक फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा. जागा न सोडता लिहिलेली अक्षरं-आकड्यांची लांबलचक रांग दिसली, तर ती बेस-६४मधली यादी आहे आणि लिंक जिवंत आहे. ‘४०४’ किंवा ‘४०३’ आलं, तर बहुधा मुदत संपलेली असते, लिंकमधलं टोकन बदललेलं असतं किंवा कॉपी करताना लिंकचं शेपूट तुटलेलं असतं. काही पुरवठादार ब्राउझरला शिल्लक डेटा आणि तारीख दाखवणारं पान देतात, तेही उपयोगाचंच.

यावर कुणी म्हणेल, हीच लिंक मित्राच्या फोनवर चालते, मग ती चुकीची कशी? पण त्याच्या ॲपमध्ये जुनी उतरवलेली यादी असू शकते. शिवाय ॲपचं नाव पाहून काही सर्व्हर वेगवेगळ्या स्वरूपात यादी देतात. क्लॅश ॲपला लागणारी फाइल व्ही-टू-रे-एनजी ॲपला वाचता येत नाही. यादी आली पण जोडणी होत नसेल, तर घड्याळ पाहा. व्हीमेस प्रोटोकॉलला दीड-दोन मिनिटांहून जास्त फरक चालत नाही, म्हणून तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वरच ठेवा.

स्वरूप बदलून देणाऱ्या फुकट वेबसाइटवर लिंक टाकणं सोपं वाटतं, पण मला ते धोक्याचं वाटतं. त्या लिंकमध्येच तुमचं खातं असतं. ती ज्याच्या हाती जाईल, तो तुमचा डेटा वापरू शकतो. टेलिग्रामवरच्या फुकट लिंकांचा धोका उलट्या बाजूने आहे: तिथे तुमची वर्दळ अनोळखी माणसाच्या सर्व्हरवरून जाते. २०२२च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन आणि सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर हटवले. त्यांची भूमिका निदान जाहीर तरी होती. फुकट लिंक देणारा काय नोंदवतो, हे विचारायचं कुणाला? आपली लिंक कुठे देऊन झाली असेल, तर पुरवठादाराच्या पॅनेलवरून ती रीसेट करा आणि घरातल्या प्रत्येक फोनमध्ये जुनी काढून नवी टाका.