गाडी बंद पडली नाही, थांबली आहे!

आमचं तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. गेल्या दिवाळीत फटाके घ्यायला आलेल्या गाड्यांच्या रांगेत काकांची नवीनच घेतलेली सेकंडहँड डिझेल गाडी अडकली होती. गाडी थांबली की इंजिन बंद! काका हादरले, "फसवलं रे आपल्याला." मी मेकॅनिकलचा, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

बिघाड काहीच नव्हता. ती होती स्टार्ट-स्टॉप सिस्टीम. कल्पना जुनीच, टोयोटाने १९७४ मध्ये जपानात क्राउन गाडीत ती वापरली होती. आपल्याकडे २००८ च्या सुमारास महिंद्राच्या स्कॉर्पिओत ती 'मायक्रो हायब्रिड' नावाने आली.

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लच सोडलेला असला की ईसीयू इंजेक्टरचं डिझेल तोडतो. क्लच दाबला की स्टार्टर फिरतो. ऐकायला सोपं वाटतं. पण इंजिन बंद करणं कुणालाही जमेल. ते पुन्हा सुरू होईल याची खात्री कोण देणार? म्हणून ईसीयू आधी चौकशी करतो. इंजिन पुरेसं गरम आहे का, ब्रेकसाठी व्हॅक्यूम शिल्लक आहे का, आणि मुख्य म्हणजे बॅटरीत दम आहे का. बॉनेट उघडं असेल तर बहुतेक गाड्या आपोआप सुरू होत नाहीत, नाहीतर पट्ट्यात हात जायचा!

बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. तो करंट, व्होल्टेज आणि तापमान मोजत राहतो. इंजिन बंद असताना दिवे, पंखा, गाणी सगळं बॅटरीवर, आणि लगेच स्टार्टर शेकडो अँपिअर ओढणार. साध्या लेड-अॅसिड बॅटरीला असं वारंवार रिकामं होणं सोसत नाही, तिच्या प्लेट्स लवकर खराब होतात. म्हणून या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम बॅटरी देतात. एजीएममध्ये अॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. स्टार्टरही दणकट लागतो.

उन्हाळ्यात गाडीचं ते 'बंद होणं' थांबलं. काका खूश! मीही दुर्लक्ष केलं, ही माझी चूक. बॅटरी अशक्त झाल्याचं सिस्टीम सांगत होती. एका पहाटे काकूंना धाराशिवला दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी सुरूच होईना. शेजाऱ्यांची जीप मिळाली म्हणून निभावलं.

नवी बॅटरी घेताना काकांनी बिनतोड प्रश्न विचारला, "आपल्या हायवेवर सिग्नल नाहीत. उभ्या इंजिनाला तासाला अर्धा-पाऊण लिटर डिझेल लागतं म्हणतोस, पण गाडी उभी राहतेच कुठे? मग साधी बॅटरी टाकून ते बटण दाबून ठेवू."

हिशेब बरोबर होता; ही सिस्टीम पुण्याच्या ट्रॅफिकसाठी, तेरखेड्यासाठी नाही. पण बहुतेक गाड्यांत ते बटण दर वेळी चावी फिरवल्यावर पुन्हा दाबावं लागतं. एखाद्या दिवशी विसरलं की साध्या बॅटरीचे हाल सुरू.

काकांनी कुरकुरत ईएफबी घेतली. बटण मात्र ते रोज न चुकता दाबतात.